खारीची शिकार : कर, बंदूक आणि एक लढाई

खार म्हटलं की आपल्याला सेतू बांधायला वाळू नेणारी, रामाने पाठीवरून बोटं फिरवलेली खारुताई आठवते. पण २०० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ओहायोत खार म्हणजे शेतकऱ्याची शत्रू होती.

तिथे तेव्हा मैलोन्मैल ओक आणि अक्रोडाचं जंगल होतं. लोकांनी ते तोडून मका लावला आणि करड्या खारींच्या झुंडी त्यावर तुटून पडल्या. मग १८०७ मध्ये विधिमंडळाने चक्क कायदा केला : करदात्याने कराबरोबर मारलेल्या खारींच्या डोक्याची कातडीही जमा करायची! कमी पडली तर दंड, जास्त आणली तर बक्षीस. पुढे १८२२ मध्ये कोलंबस शहराच्या आसपास मोठी सामूहिक शिकार झाली. त्यात १९,६६० कातडी मोजली गेली.

आता प्रश्न असा, की एवढ्या चपळ प्राण्याला मारायचे कसे? पहिला नियम म्हणजे गप्प बसणं. पहाटे, वारा नसताना, झाडाला पाठ टेकून बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. वरून फळांची टरफलं टपटप पडायला लागली की समजायचं, खार खायला बसली आहे. पाऊस पडून गेलेला असेल तर उत्तमच, कारण ओल्या पानांवर पावलं वाजत नाहीत.

दुसरी अडचण म्हणजे माणूस दिसला की खार खोडाच्या पलीकडे सरकते. तुम्ही फेरी मारा, तीही फेरी मारते. म्हणून शिकारी जोडीने जायचे. एकाने झाडाभोवती फिरायचं, दुसऱ्याने जागेवरून हलायचं नाही. पहिल्याला चुकवता चुकवता खार दुसऱ्याच्या समोर येते. एकटा असाल तर पलीकडे काठी फेकायची, म्हणजे ती दचकून तुमच्या बाजूला येते.

तिसरी गोष्ट बंदूक. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची, आतून आटे पाडलेली बंदूक घडवली. तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची छोटी गोळी त्या आट्यांमुळे गिरकी घेत सरळ जायची. गोळी लहान, त्यामुळे शिसं आणि दारू दोन्ही वाचायची. जंगलात राहणाऱ्या गरीब कुटुंबाला हे परवडणारं होतं. पक्ष्यांची चित्रं काढणारा जॉन जेम्स ऑड्युबन लिहितो, की डॅनियल बून खारीला गोळी मारतच नसे. तो तिच्या पोटाखालच्या सालीवर नेम धरायचा. साल उडायची, त्या धक्क्यानेच खार मरायची आणि मांस अजिबात वाया जायचं नाही.

ही सवय पुढे भलत्याच कामी आली. सप्टेंबर १८६२, यादवी युद्ध चालू होतं. दक्षिणेचं सैन्य सिनसिनाटीच्या जवळ आलं. गव्हर्नर डेव्हिड टॉड यांनी हाक दिली, ज्याच्याकडे बंदूक आहे त्याने यावं. घरातली जुनी बंदूक घेऊन १५,७६६ माणसं आली! ना गणवेश, ना कवायत. लोकांनी त्यांचं नावच ठेवलं, 'खारीचे शिकारी'. कोळशाच्या पडावांवर बांधलेल्या पुलावरून ते नदीपार गेले. समोरची तयारी बघून शत्रू मोठी लढाई न करताच परत फिरला. त्यांचा सेनापती ल्यू वॉलेस याने पुढे 'बेन-हर' ही कादंबरी लिहिली.

गोष्ट इथे संपवता आली असती, पण मला ती कातडी जमा करणारी रांग सोडत नाही. जंगल माणसाने तोडलं आणि त्याचा दंड खारीने भरला. अर्थात त्या शेतकऱ्यालाही मी दोष देऊ शकत नाही, कारण मका गेला तर हिवाळ्यात घर उपाशी. आज कोकणात माकडांनी बाग संपवली की तिथला बागायतदार हेच बोलतो.

आपण मात्र वेगळी वाट धरली. शेकरू, म्हणजे आपली मोठी झाडखार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि तिची शिकार कायद्याने बंद आहे. भीमाशंकरला गेलात तर पहाटे झाडाखाली गप्प बसा, टरफलांचा आवाज ऐका. तंत्र तेच आहे मंडळी, फक्त हातात मोबाईलचा कॅमेरा असू द्या. भेटू पुढच्या भागात!