घाटावरची लाल वाईन, सातपुड्यातला मोह

मंडळी, धुळ्याहून नाशिकला जाताना चांदवडच्या अलीकडे राहुड घाट लागतो ना, आजची गोष्ट त्या चढाची. धुळं-जळगाव समुद्रसपाटीपासून 200-250 मीटरवर, नाशिक 600 च्या आसपास. लाल वाईनचा रंग द्राक्षाच्या सालीतून येतो, आणि तो साल नीट धरायला रात्री गार असाव्या लागतात. तापीकाठी केळी आणि वर द्राक्षं, त्यात या उंचीचाही हात आहे.

राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाईन 2000 साली आली. पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली. आज कॅबर्ने आणि शिराझ ही दोन फ्रेंच द्राक्षं एकत्र केलेली बाटली नाशिकची म्हणून मिरवते. मिरवू दे की!

पण आपल्याकडेही दारू होतीच, मोहाच्या फुलांची. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांना ती देवालाही लागते, लग्नालाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली. प्यायची तर ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्या. इंग्रज गेले, 1949 चा दारूबंदी कायदा आला. द्राक्षाच्या वाईनला सरकारने शेतमालावरची प्रक्रिया म्हटलं. मोहाच्या भट्टीवर मात्र अजून धाड पडते.