लहान पेटीतील नाद

परमुलखात संसार थाटणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात ध्वनिमुद्रिकांचा गठ्ठा बहुधा असावयाचाच. बदलीच्या नोकरीत कपाट मागे राहिले तरी चाले. बालगंधर्वांच्या नि हिराबाईंच्या तबकड्या मात्र लुगड्यांच्या घड्यांत जपून आणल्या जात. त्या ऐकण्याचे उत्तम साधन पुढे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातील फडताळावर मावू लागले, यामागे मोठा मनोरंजक इतिहास आहे. घरातील जुने स्पीकर काढून नवे घ्यावेत काय, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच सापडते, असे आम्हांस वाटते.

1925 साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याचा, शंकूच्या पडद्याचा स्पीकर जगापुढे मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. पण शंकू पुढे जशी लहर सोडतो, तशीच उलट लहर मागेही सोडतो. दोन्ही मिसळल्या की खर्ज विरून जातो. म्हणून शंकू पेटीत बसवावा, तर आत कोंडलेली हवा त्यास ताठर करते. साहजिकच चांगल्या खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागे.

1954 साली एडगर व्हिल्चर यांनी हा विचार उलटा केला. कोंडलेली हवा हा अडथळा न मानता तिलाच त्यांनी स्प्रिंग मानले. शंकूची टांगणी सैल ठेवली, पेटी हवाबंद केली आणि शंकूस पूर्वस्थितीवर आणण्याचे काम मुख्यतः हवेवर सोपविले. हवेची ही स्प्रिंग यांत्रिक टांगणीहून अधिक प्रमाणबद्ध वागते. त्यामुळे पेटी लहान होऊनही खर्ज अधिक शुद्ध झाला. त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. स्टीरिओचे पेटंट ॲलन ब्लमलाइन यांनी इंग्लंडात 1931 सालीच मागितले होते. पण स्टीरिओ तबकड्या 1957-58 च्या सुमारास बाजारात आल्या आणि घरोघर एका पेटीच्या जागी दोन लागू लागल्या. तेव्हा लहान पेटीचे खरे मोल लोकांस कळले.

अर्थात हे फुकट मिळाले नाही. क्लॉस यांचे पुढील सहकारी अँटन होफमान यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा, की लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एकदम साधतात. बीबीसीच्या अभियंत्यांनी 1970 नंतरच्या वर्षांत बाहेरील ध्वनिक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून एलएस 3/5ए हा फूटभर उंचीचा स्पीकर घडविला. त्यांनी अतिखोल खर्ज व मोठा आवाज दोन्ही सोडले, आणि मानवी कंठ मात्र हुबेहूब उतरेल याची काळजी घेतली. त्याची कीर्ती आजही टिकून आहे.

यातून आपण काय घ्यावे? प्रथम, स्पीकर बदलण्यापूर्वी त्याची जागा बदलून पाहावी. भिंतीस किंवा कोपऱ्यास टेकविलेल्या पेटीचा खर्ज फुगतो, आणि त्याखाली शब्द दबतात. दोन्ही पेट्या नि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा; उच्च स्वरांचा लहान स्पीकर कानाच्या उंचीस यावा. दुसरे, ॲम्प्लिफायर तपासावा. नवा स्पीकर 3 डेसिबलने कमी संवेदनशील असेल, तर तेवढ्याच आवाजास दुप्पट शक्ती लागते. याचा विचार न करता महागडी जोडी आणणारा हमखास निराश होतो. तिसरे, दुकानात धडाडणाऱ्या वाद्यवृंदावर भुलू नये. आपल्या ओळखीचा कंठ लावून ऐकावे. बालगंधर्वांच्या तबकड्यांत स्टीरिओ मुळातच नाही. दोन पेट्यांनी तेथे रंगमंच उभा राहणार नाही. पण चांगल्या पेटीतून शब्दांची फेक व स्वराची लगट स्पष्ट होईल.

तबकडीच्या जागी आज मोबाईल आला, तरी पेटीचे शास्त्र तेच आहे. परप्रांतात वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या कानी आजीच्या बोलीतले शब्द अनेकदा गाण्यांतूनच पडतात. ते शब्द त्यांस स्वच्छ ऐकू यावेत, एवढ्यासाठी रविवारची एक सकाळ पेट्या हलविण्यात गेली, तर ती सत्कारणी लागली असेच आम्ही म्हणू.