उभ्या पायांचा आजार : जहरावी ते लेसर

यंत्रमागाच्या खडखडाटातच आमचे बालपण गेले. अब्बा सोलापुरातल्या एका कारखान्यात १२ तासांची पाळी करीत. घरी आले की भिंतीला पाय लावून पडून राहत. त्यांच्या पोटरीवर निळ्या शिरांची वेटोळी दिसत. पुढे घोट्याजवळची कातडी काळवंडली, तिथे जखम झाली आणि ती वर्षानुवर्षे भरलीच नाही. हळद झाली, मलम झाले, जळवाही लावून झाल्या. डॉक्टरांचे नाव काढले की अब्बा म्हणत, "पाय चिरतील. महिनाभर खाडा होईल. मग खायचं काय?"

ही भीती एकट्या अब्बांची नव्हती. हे गावच विणकरांचे. पूर्वी मोमीन, साळी, पद्मशाली विणकर खड्डामागावर बसून विणत. त्यांचे पाय खड्ड्यात सतत हलत असत. १८७७ साली इथे 'जुनी गिरणी' सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले आणि विणकर बसल्या जागेवरून उठून तासन् तास उभा राहू लागला.

उभे राहण्याचा आणि शिरांचा संबंध काय? पायातले रक्त हृदयाकडे वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. चढलेले रक्त खाली उतरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते आणि शिरा फुगतात. यालाच 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात. आनुवंशिकता, वय, बाळंतपणे ही कारणे आहेतच. सतत उभे राहण्याने त्यात भर पडते.

अल-जहरावी यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. कॉर्डोव्याच्या या शल्यवैद्याने इसवी सन १००० च्या सुमारास 'अत्-तस्रीफ' हा ३० भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या शस्त्रक्रियेच्या भागात 'दवाली' म्हणजे याच आजाराचे वर्णन आहे. तो विशेषतः फार चालणारे, मजूर आणि हमाल यांच्या पायांना होतो, असे त्यांनी नोंदवले. हजार वर्षांपूर्वी या वैद्याने रोग्याच्या शिरेबरोबर त्याचा रोजगारही पाहिला होता! शीर उघडून रक्त काढणे किंवा आकड्याने शीर उचलून ओढून काढणे, हे त्यांचे उपाय होते. बाराव्या शतकात हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातले वैद्य तो शतकानुशतके वाचत राहिले.

वेदना मात्र भयंकर. रोमचा सेनापती मारियस याने न बांधता एक पाय कापू दिला. दुसरा पुढे करायला तो तयार झाला नाही, अशी कथा प्लुटार्कने सांगितली आहे. शिरांतल्या झडपांवर फॅब्रिशियसने १६०३ मध्ये लिहिले, तर रक्ताभिसरणाचा उलगडा हार्वेने १६२८ मध्ये केला. १८९० च्या सुमारास जर्मनीत ट्रेन्डेलेनबर्गने मांडीतली मोठी शीर बांधली. १९०७ मध्ये अमेरिकेत बॅबकॉकने शिरेत तार घालून ती ओढून काढण्याची पद्धत मांडली. विसाव्या शतकात बराच काळ हीच रीत चालली. अब्बांच्या मनातले ऑपरेशन ते हेच.

१९९९ नंतर चित्र पालटले. आता सोनोग्राफीत बघत सुईवाटे शिरेत बारीक नळी किंवा तंतू सरकवतात. लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद होते आणि रक्त शेजारच्या चांगल्या शिरांतून वाहू लागते. काही शिरा औषधाच्या फेसानेही बंद करतात. बहुधा स्थानिक भूल पुरते आणि रोगी त्याच दिवशी चालत घरी जातो. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिरेवर लवकर उपचार झालेल्यांच्या जखमा साधारण ५६ दिवसांत भरल्या, उशिरा झालेल्यांच्या ८२ दिवसांत. म्हणजे नुसती पट्टी बांधून थांबणे महागात पडते. अर्थात प्रत्येक पायाला हाच उपाय चालत नाही. आधी डॉप्लर तपासणी करून ते डॉक्टरांनी ठरवायचे असते.

गेल्या वर्षी आम्ही अब्बांना बळेच नेले. सकाळी गेलेले अब्बा संध्याकाळी स्वतः जिना चढून घरी आले. बराच वेळ पायाकडे बघत बसले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी २० वर्षं घाबरलो होय मी?"

मला वाटते, आपला खरा प्रश्न हाच आहे. उपचाराचा चिरा हजार वर्षांत लहान होत होत सुईएवढा झाला. आपली भीती मात्र मारियसच्या काळातलीच राहिली. यंत्रमागावरचे बाप, दिवसभर चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या आया, फळ्यापुढे उभे असणारे आम्ही शिक्षक, सगळेच पाय झाकून दिवस काढतो. आजार लपवण्यात कसली इज्जत? जहरावींचा नुसता अभिमान बाळगून पाय बरा होत नाही. त्यांनी मजुराच्या पायाकडे जसे निरखून पाहिले, तसे आपण आपल्या घरातल्या पायांकडे पाहिले पाहिजे.