मातीची तपासणी कोणाच्या खर्चाने?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील सुमारे 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर तो जाळून झाला. चाळीस वर्षांचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटले. परंतु त्याच जागेवरील दूषित मातीचा 2010 मधील अंदाज 11 लाख टनांचा आहे. म्हणजे हलवलेला कचरा त्या मातीचा तीन हजारावा भागही नाही. हा अंदाज हाती येण्यास दुर्घटनेनंतर सव्वीस वर्षे का लागली, हा प्रश्न विज्ञानाइतकाच शासकीय निधीच्या इतिहासाचाही आहे.

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्रीची वायुगळती सर्वांना ठाऊक आहे. तिच्या आधीपासून चाललेली दुसरी, संथ गळती तितकी परिचित नाही. कीटकनाशकांचा हा कारखाना 1969 मध्ये सुरू झाला. सुमारे 67 एकरांच्या आवारात रासायनिक कचरा टाकला जाई. पुढे सांडपाणी कुंपणाबाहेरील बाष्पीभवन तलावांत सोडले जाऊ लागले. क्लोरिनयुक्त सेंद्रिय द्रावकांपैकी अनेक पाण्यापेक्षा जड असतात आणि पाण्यात फार कमी विरघळतात. ते मातीतून खाली उतरतात, अपार्य थरावर साचतात आणि तेथून वर्षानुवर्षे थोडेथोडे भूजलात मिसळत राहतात. त्यामुळे पृष्ठभागावरील मूठभर नमुन्यांनी अशा जमिनीचे निदान होत नाही. निरनिराळ्या खोलीवर विंधनछिद्रे घ्यावी लागतात, भूजलाच्या प्रवाहाची दिशा आणि वेग मोजावा लागतो, पावसाळ्याआधी आणि नंतर पुन्हा नमुने तपासावे लागतात. हे काम खर्चाचे आहे.

भोपाळमध्ये हा खर्च कोणी केला? नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, 1990 च्या दशकात येथे जी पाहणी केली, ती कंपनीच्याच खर्चाने झाली. 1998 मध्ये जमीन राज्य सरकारकडे परत आली. 1999 मध्ये ग्रीनपीस या संघटनेने माती आणि भूजलात पारा व क्लोरिनयुक्त संयुगे आढळल्याचे जाहीर केले. भोवतालच्या वस्त्या तेव्हाही हातपंपांचे पाणी पीत होत्या. त्यांना नळाने शुद्ध पाणी द्यावे, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2004 मध्ये द्यावा लागला. 2009 मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राला कारखान्यापासून तीन किलोमीटरवरच्या भूजलातही कीटकनाशकांचे अंश सापडले. 11 लाख टनांचा अंदाज त्यानंतरचा. तो ‘नीरी’ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने मांडला.

या क्रमात शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणापेक्षा महत्त्वाची गोष्ट दिसते. किती विंधनछिद्रे घ्यायची, किती खोल जायचे, कोणती संयुगे शोधायची, हे खर्चाची मर्यादा ठरवते आणि ती मर्यादा खर्च करणारा ठरवतो. जे शोधलेच नाही, ते अहवालात येत नाही.

अमेरिकेलाही हा धडा सहज मिळाला नाही. लव्ह कॅनाल प्रकरणानंतर 1980 मध्ये तेथे कठोर कायदा झाला. शुद्धीकरणाची जबाबदारी जमिनीच्या मालकावर येऊ लागल्याने शहरांतील बंद कारखान्यांच्या जागा कोणी घेईना आणि कोणी तपासूही देईना. 1993 मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने क्लीव्हलँड परिसरात एक छोटा प्रयोग आरंभला: 2 लाख डॉलरपर्यंतचे अनुदान, तेही अशा जागांच्या तपासणीसाठी आणि नियोजनासाठी. प्रत्यक्ष शुद्धीकरणाचा पैसा त्यात नव्हता. तरीही अज्ञात धोक्याचे मोजलेल्या धोक्यात रूपांतर झाले की जागेचे काय करायचे यावर निर्णय घेता येतो, हे दिसून आले आणि 2002 मध्ये अशा अनुदानांना कायद्याचा आधार मिळाला.

आपल्याकडे जुलै 2025 मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित झाले. संशयित जागेची प्राथमिक तपासणी 90 दिवसांत करावी, खर्च प्रदूषणकर्त्याकडून वसूल करावा आणि तो न सापडल्यास किंवा असमर्थ असल्यास केंद्र व राज्याने तो उचलावा, अशी त्यांची दिशा आहे. दिशा योग्य आहे. मात्र दोषी कोण, हे ठरेपर्यंत तपासणी थांबता कामा नये. भोपाळमध्ये दायित्वाचा वाद न्यायालयांत चालू असताना द्रव्ये मातीतून खाली उतरतच होती. तपासणीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र, दरवर्षीची तरतूद हवी आणि तिचे निष्कर्ष सर्वांसाठी खुले हवेत. शहरे वाढत आहेत आणि बंद गिरण्या-कारखान्यांच्या जमिनींवर घरे उभी राहत आहेत. त्या घरांखाली काय आहे, हे पाया खोदण्यापूर्वी मोजले गेले पाहिजे.