रणातून पळालेला मुलगा

कीर्तनात अभिमन्यूचे आख्यान निघाले म्हणजे श्रोत्यांचे डोळे पाणावतात. उत्तराचे निघाले म्हणजे सारा मंडप हसू लागतो. अंतःपुरात बढाया मारून निघालेला हा विराटपुत्र कौरवसेना दृष्टीस पडताच रथातून उडी टाकून पळतो आणि बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन त्यास धरून आणतो. रणांगणावरील मुलाची विनोदी कथा आपल्याकडे इतकी प्राचीन आहे. मग मराठी ऐतिहासिक कादंबरीत असा मुलगा इतका दुर्मिळ का असावा?

सामग्री नव्हती असे म्हणता येत नाही. वडोदऱ्यानजीकच्या तरसालीतील मराठी घरांना आज पानिपत दूरचे वाटेल. परंतु १४ जानेवारी १७६१ रोजी वडोदऱ्याचे दमाजी गायकवाड त्या रणात होते आणि तेथून जिवंत परतले. त्याच रणात बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे पुढे विख्यात झालेले नाना फडणीस, होते. वय अवघे अठरा. तीर्थयात्रा घडावी म्हणून आई व पत्नी यांसह ते भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेस गेले होते.

नानांच्या त्रोटक आत्मचरित्रात पराक्रमाची फुशारकी नाही. अंगावरची वस्त्रे टाकली, पायी वाट धरली, गवतात लपलो, झाडपाला खाल्ला, हे सारे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. पेशव्यांच्या दौलतीचा फडणीस असा रानोमाळ धावताना पाहून हसू येते. परंतु त्याच धावपळीत त्यांची आई अंतरली, ती कायमचीच. तेथे आपले हसू ओठांवरच थिजते.

चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) यांनी वडोदऱ्यास राहून चिमणराव रंगविला. त्याच्या फजितीला आपण मनमोकळे हसलो, कारण तो आपल्यातलाच होता. पूर्वज मात्र आपल्याला निर्भयच हवे असतात. त्यांना भीती वाटली होती, हे मान्य करणे जड जाते. म्हणून त्यांच्या धैर्याची खरी किंमतही आपणास कळत नाही.

पानिपतातून पळालेल्या त्या मुलाने पुढे मराठी राज्य सावरले; १७९५ च्या खर्ड्याच्या विजयामागे त्याचीच मसलत होती. आणि ज्याला आपण हसलो तो उत्तर? भारती युद्धाच्या पहिल्याच दिवशी शल्याशी झुंजताना तो धारातीर्थी पडला. व्यासांनी त्याचे पळणे लपविले नाही, म्हणूनच त्याचे मरण मनाला भिडते.