विश्रामबागवाड्यातून निघालेला कोश

पेशवाईत विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्यातला काही पैसा शिक्षणाकडे वळवला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. आजचे डेक्कन कॉलेज ते हेच. पुढे या पाठशाळेचा कारभार लष्करातले अधिकारी थॉमस कँडी यांच्याकडे आला. मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यांचा हात लागला होता. मोल्सवर्थ प्रकृतीमुळे मायदेशी परतला, तेव्हा त्याने आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश कँडींनीच तडीस नेला आणि १८४७ मध्ये तो छापून निघाला. कंपनी सरकारच्या काळातले इंग्रजी दप्तर चाळताना एखादा शब्द अडला, तर हा कोश आजही उघडावा.

१८५१ मध्ये पाठशाळेचे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. १८६८ला ते येरवड्याच्या इमारतीत गेले. त्यासाठी जमशेटजी जीजीभाईंनी मोठी देणगी दिली होती. टिळक-आगरकर इथेच शिकले. तरीही १९३४ मध्ये सरकारने कॉलेजला टाळे लावले. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, चिकाटीने लढले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. ते लढले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते.

१९४८ मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी तिथे संस्कृतचा महाकोश हाती घेतला. नमुना होता ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा. शब्द पहिल्यांदा कुठे आला, मग त्याचा अर्थ कसकसा सरकला, हे कालक्रमाने आणि उताऱ्यांसह दाखवायचे, ही त्या कोशाची रीत. उदाहरणार्थ, जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये 'बिलेट' म्हणजे पोलादाचा ठोकळा तापवून सळई लाटतात. तिथल्या कामगाराच्या तोंडी हा शब्द दिवसभर असतो. इंग्रजीत मात्र तो आधी जळणाच्या ओंडक्याचा होता, लोखंडाला नंतर चिकटला. असा शब्दाचा माग काढायला शेकडो वर्षांचे लिखाण चाळावे लागते.

कत्रे यांनी हीच रीत ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या संस्कृतला लावली. सुमारे १,५०० ग्रंथ, ६२ विद्याशाखा. व्याकरण, वैद्यक, वास्तुशास्त्र, काव्य, सगळेच. १९४८ ते १९७३ या काळात सुमारे ४० विद्वान हे ग्रंथ ओळ न ओळ वाचत होते. वर शब्द, खाली तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि ग्रंथातले ठिकाण: अशी एकेक चिठ्ठी हाताने लिहिली गेली. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्या अकारविल्हे लावून कपाटांच्या खणांत ठेवल्या आहेत. एक चिठ्ठी चुकीच्या खणात गेली, की त्या शब्दाचा एक पुरावा हरवतो. म्हणून लावणाऱ्यालाही संस्कृत यावेच लागते.

डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये पहिला भाग निघाला. तीसहून अधिक भाग निघाले, तरी कोश 'अ'पाशीच आहे. एवढा वेळ का, असे विचारणारे बरेच. ऑक्सफर्डच्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि काम १९२८ला संपले. संपादक जेम्स मरे तोवर हयात नव्हते. एकाच भाषेच्या तीन हजारांहून अधिक वर्षांचा हिशेब मांडायला याहून जास्त वेळ लागणारच. माझ्या मते या संथपणाची लाज वाटायचे कारण नाही. चिंता हवी ती माणसांची. चिठ्ठ्या संगणकावर चढवता येतात, पण कुठला अर्थ आधीचा आणि कुठला नंतरचा, हे ठरवायला वर्षानुवर्षे ग्रंथांत मुरलेला अभ्यासकच लागतो.

जालन्याच्या कारखानदारांनी सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून मराठवाड्यातल्या संस्कृतच्या दोन-चार विद्यार्थ्यांना या कामासाठी शिष्यवृत्ती द्यावी. आणि पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाने, आधी विचारून, डेक्कन कॉलेजातले कोशाचे दालन एकदा पाहून यावे.