भाणक

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर दात्याचं नाव कोरलंय: सोपाऱ्याचा सातिमित. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या या भिक्खूची ओळख तिथे ‘भाणक’ अशी दिली आहे. ‘भण्’ म्हणजे बोलणं. याच धातूतून प्राकृतमार्गे आपलं ‘म्हणणं’ आलं. भाणक म्हणजे धम्मवचनं मुखोद्गत करून म्हणणारा.

बुद्धवचनं पिढ्यान्‌पिढ्या अशा माणसांच्या कंठातच राहिली. कामाची वाटणीही चोख होती: दीघनिकाय हा सुत्तांचा, म्हणजे उपदेशांचा, संग्रह म्हणणारे दीघभाणक, मज्झिमनिकायाचे मज्झिमभाणक. समूहाने म्हणायचं, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला लगेच खटकते. पाली सुत्तांतली तीच ती वाक्यं वाचकाला कंटाळवाणी वाटतात खरी, पण ती स्मरणाला धरून ठेवणाऱ्या खुंट्या आहेत. वाचू नका, मोठ्याने म्हणून पाहा!

या वचनांचा संग्रह असलेलं त्रिपिटक लेखनबद्ध झालं ते श्रीलंकेत, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, असं महावंस हा तिथला इतिहासग्रंथ सांगतो. पण त्यानंतरही म्हणणं थांबलं नाही. म्यानमारमध्ये तर संपूर्ण त्रिपिटक तोंडपाठ म्हणण्याची परीक्षा भिक्खू आजही देतात.